मध्येच आमेन

माझ्या नातीचे खापरपणजोबा, पणजोबा आणि आजोबा, तिघांनीही आमच्या चर्चच्या मंडळीची बुधवारची प्रार्थनासभा चालवली. तिच्या वडिलांचा घसा मात्र नेमका बुधवारीच बसत असे. यंदा पाळकांनी सभा तरुण संघाकडे सोपवली आणि पहिली प्रार्थना नातीने करावी असे ठरले.

"आजी, तू मागे बस हं. पुढे बसलीस की परीक्षा दिल्यासारखं वाटतं."

मी अर्थातच पहिल्या बाकावर बसले.

आजाऱ्यांची नावे घेताघेता ती अडखळली आणि पुढचे शब्दच तिला सुचेनात. मागे कोणीतरी खाकरले. आता ती खाली बसली असती, तर पुन्हा कधीच उभी राहिली नसती. मी खणखणीत आवाजात म्हणाले, "आमेन." सारी मंडळी माझ्यामागून "आमेन" म्हणाली. तेवढ्या अवधीत तिला शब्द सापडले आणि तिने प्रार्थना पूर्ण केली.

बाहेर आल्यावर ती हसली. "आजी, आमेन शेवटी म्हणतात."

"ठाऊक आहे. सोळाव्या वर्षी मी याच जागी अशीच गप्प झाले होते. तेव्हा तुझ्या खापरपणजोबांनी असंच मध्येच आमेन म्हटलं होतं. ते ऋण आज फेडलं."