चौथं रोप

पानं पुन्हा शिजल्यासारखी झाली होती. काल सकाळी टणक होती. आज बोट लावताच खालचं पान सुटून सुनेच्या हातात आलं. कान तुटलेल्या मगातली माती ओलीचिंब होती.

सासूबाई नुकत्याच आंघोळीला गेल्या होत्या. गुडघे धरून त्यांची आंघोळ म्हणजे पाऊण तासाची निश्चिंती. तिनं चपला पायात सरकवल्या आणि कोपऱ्यावरची नर्सरी गाठली.

"चौथं," नर्सरीवाला म्हणाला. "बाई, हे सक्युलंट आहे, म्हैस नाही. डुंबायला पाणी लागत नाही त्याला."

"बारा दिवसांनी दोन चमचे घालते. मोजून."

"मग झाडच खोटं बोलत असेल."

तिनं तसंच, तेवढंच रोप निवडलं. गुबगुबीत पानांचं, उमलत्या कमळासारखं.

चष्म्याच्या दुकानात ती फ्रेमच्या मापाला काचा घासून बसवायची. केसाएवढा फरक तिला खपत नसे. घरी येऊन तिनं रोप मगात लावलं, वर जुनेच खडे पसरले. मग बाहेरून तिसऱ्या पानाचं टोक ब्लेडनं तिरकं छाटलं आणि तापवलेल्या सुईनं जखम सुकवली. नवऱ्यानं झाड आणलं तेव्हा वाटेत तेच टोक मोडलं होतं. सासूबाईंना नव्या चष्म्यातून ते स्वच्छ दिसायचं.

झाड आणल्यावर आठवड्यानं तो पुलाच्या कामावर गेला होता. वेल्डर होता. धरणाचं पाणी सुटलं, चौघं वाहून गेले, तिघं सापडले. दहाव्या दिवशी सासूबाई खिडकीतल्या या झाडाकडे बोट दाखवून म्हणाल्या होत्या, "हे हिरवं आहे तोवर तो आहे." त्यानंतर त्या घरात दुसरा कायदा नव्हता.

पाच वर्षं झाडाला काही झालं नाही. मग एकदा जेवताना सासूबाई म्हणाल्या, "तू का कुजतेस इथं? वय आहे का तुझं हे? जा, नवा संसार कर."

सुनेनं त्यांच्या पानात भाकरी वाढली. "झाड हिरवं आहे ना अजून, आई," ती म्हणाली.

त्यानंतर दोन वर्षांत झाड तीनदा गेलं आणि तिनं तीनदा बदललं. नवरा गेला हे तिला कधीच उमगलं होतं. म्हातारीला ते एका मगात कुजलेलं बघावं लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

न्हाणीघराचं दार वाजलं. सासूबाई भिंत धरत आल्या आणि खिडकीपाशी थबकल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. बोटानं एकेक पान दाबून पाहिलं.

"कसं आहे गं हे?"

"मस्त आहे की. चहा घ्या, आई."

चहावर साय धरली तरी त्या तिथंच उभ्या होत्या. केवढा जीव आहे यात म्हातारीचा, सुनेच्या मनात आलं.

दुकानात डोळे तपासणारा तिच्या टेबलाशी आला. विधुर होता, महिनाअखेर दुसऱ्या गावच्या दुकानात निघाला होता.

"दोन वर्षं मी लोकांना खालची बारीक ओळ वाचायला लावतोय," तो म्हणाला. "तुम्हाला वरचं मोठं अक्षरही दिसेना."

"दिसतं हो. शुक्रवारी कागदावर सही होऊ दे."

"आईंनाही घेऊन यायचं, हे सांगितलंत ना?"

"सांगितलं. म्हणाल्या, तिकडे खिडकी आहे का विचार."

तो हसला. खूप दिवसांनी तीही हसली.

कागद वकिलानं तयार केला होता. सात वर्षं मुलाचा काही ठावठिकाणा नाही, असं आईनं लिहून द्यायचं. त्यावरून त्याला मृत ठरवायचं कोर्ट बघणार होतं. परवाच सासूबाई आपणहून म्हणाल्या होत्या, "शुक्रवारी आण. करते सही." म्हणून तर आज रोप बदलताना तिचा हात जरा थांबला होता. राहू द्यावं का मेलेलं? पण नको. मेलेलं झाड पाहून म्हातारीला पेनही धरवणार नाही. सही होईपर्यंत तरी ते हिरवं हवं.

शुक्रवारी ती लवकर घरी आली. सासूबाईंनी केस नीट विंचरले होते. सात वर्षांत पहिल्यांदाच. चेहऱ्यावर तजेला होता. निरोपाची तयारी, असं सुनेला वाटलं. तिनं कागद स्टुलावर ठेवला, पेनाचं टोपण काढून दिलं.

"इथं, आई. आणि खाली तारीख."

सासूबाईंनी पेन घेतलं, टोपण लावलं आणि परत तिच्या हातात दिलं.

"बस. आधी मला माफ कर."

"कशाबद्दल?"

"तू या झाडापायी अडकलीस, मीच अडकवलं. म्हटलं, हे मेलं की सुटशील. तू कामावर गेलीस की पेलाभर उकळतं पाणी ओतायचे मी त्याच्या मुळाशी. चार वेळा ओतलं. शेवटचं बुधवारी दुपारी." म्हातारीनं तिचे दोन्ही हात घट्ट धरले. ती हसत होती. "चारी वेळा दुसऱ्या दिवशी बघते, तर हिरवंगार. त्याच तुटक्या टोकासकट. जिवंत आहे गं तो! फाड तो कागद. आपण दोघी थांबू."