पाळण्यातला वरवंटा

किमयाचा सकाळपासून जळफळाट चालला होता. पाळणा तिचा, कुंची तिची, आईची मांडीसुद्धा तिचीच. आणि बारा दिवसांत सगळं त्या लालबुंद गाठोड्याच्या नावावर झालं होतं. आज तर त्याच्या बारशाला अख्खं वरसे गाव लोटलं होतं.

पण पुतळीआजीने कुंची आधी घातली ती वरवंट्याला. त्याला काजळाची तीट लावली. बायकांनी "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत त्याला पाळण्याच्या खालून-वरून फिरवलं आणि आत निजवलं.

"दगडाला कशाला गो, आजी?"

"बाळ तसंच दणकट व्हावं म्हणून. तुझ्या बारशालापण हाच व्हता."

"आणि साधासुधा दगड नाय हा," खडीच्या खाणीवर कामाला असलेले बाबा म्हणाले. "ज्वालामुखीचा रस थिजून झालाय. आधी नुसती आग होती, आग!"

मग बाळ आलं. वरवंट्याला बाहेर काढून त्याची कुंची बाळाला चढवली, आणि सगळं घर पाळण्याभोवती गोळा झालं.

मागच्या पडवीत वरवंटा पुन्हा पाट्यावर पडला होता. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. किमया त्याच्याशेजारी उकिडवी बसली. त्याच्या गालावरची तीट तेवढी अजून तशीच होती. ती तिने फ्रॉकने पुसली आणि त्याच्यावर तळहात ठेवला.

"तुलापण काढलं ना रे पाळण्यातून?" ती हळूच म्हणाली. "मग तू कसा गार झालास?"