परतीची रिकामी गाडी

“माफ करायचं तर हातचं राखून करू नये, पोरी,” आई म्हणायची. पीठ मळता मळता म्हणायची, जणू मिठाचं प्रमाणच सांगतेय. चाळीस वर्षांमागचा तो आवाज कोर्टाच्या बाकावर बसलेल्या विधवेच्या कानात सकाळपासून घुमत होता.

समोर आरोपीच्या पिंजऱ्यात तिच्या नवऱ्याचा जोडीदार उभा होता. रुग्णवाहिकेवर नवरा चालक, हा मदतनीस. बारा वर्षांची जोडी. पेशंट पोचवला की परतीच्या रिकाम्या गाडीत दोघं जागा बदलायचे. नियमात बसत नव्हतं, पण पाठीला तेवढाच आराम. “आता मी पेशंट. हळू ने रे, कण्हायला लावू नकोस,” म्हणत नवरा शेजारच्या सीटवर पाय पसरायचा.

अशाच एका परतीला, भर दुपारी, गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. लोकांनी दोघांना ओढून बाहेर काढलं. नवरा संपला होता. मदतनिसाला नवव्या दिवशी शुद्ध आली, पण त्या दुपारचं काही केल्या आठवेना. “परतीची गाडी होती ना? मग मीच चालवत असणार,” तो म्हणाला आणि भिंतीवर डोकं आपटत राहिला. त्यानंच कबूल केल्यावर पुढे कोण कशाला खोदून बघतंय?

दोन वर्षं तो मान खाली घालून जगला. नोकरी गेली. मुलीच्या शाळेच्या फाटकाशीही उभा राहीना. आज त्याची शिक्षा ठरायची होती. त्याआधी विधवेचं म्हणणं ऐकायचं होतं.

“देवाधर्माचं बाहेर ठेवा, ताई,” सरकारी वकील दारातच पुटपुटले होते. “इथे कायदा चालतो. तुमचं काय गेलं तेवढं सांगा.”

ती उठली. मागच्या बाकावर चर्चमधल्या बायका एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. पाळकांनी डोळे मिटले होते.

“मी यांना माफ केलंय,” ती म्हणाली.

वकिलांचं पेन थांबलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला. आणि तो, एवढा आडदांड गडी, कठड्यावर कपाळ टेकून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

“वहिनी, नका हो! माझ्या हातानं गेला तो. नका माफ करू!”

“केवढं हे मन!” मागून एक बाई कुजबुजली.

ते ऐकलं आणि तिला स्वतःची शिसारी आली. आता खाली बसायचं, एवढंच तर उरलं होतं. पण गुडघे वाकेनात. दोन वर्षं हेच गुडघे रोज टेकले होते, तरी एक गोष्ट तिनं देवापुढेही काढली नव्हती.

“माफी मी मागायला हवी, भाऊजी.” तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. “त्यांना शेवटची आंघोळ मी घातली. सीटबेल्टच्या पट्ट्याचा काळानिळा वळ उजव्या खांद्यावरून उतरला होता. शेजारी बसलेल्याला तो डाव्या खांद्यावर उठतो. लोक गेलेल्या माणसाला नावं ठेवतील म्हणून मी गळ्यापर्यंत बटणं लावली. गाडी तेच चालवत होते. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.”