विनंती अमान्य

प्रतिक्षानं दिपकचा मोबाईल नंबर टाईप केला, एकदा ताडून पाहिला आणि बटण दाबलं. आता ज्याची नोंदणी अडकेल त्याच्या मोबाईलवर ओळ झळकणार होती : ‘विनंती अमान्य. कारण विचारायला या नंबरवर फोन करा.’

महिनाभर या ‘विनंती अमान्य’नं तिला छळलं होतं. हिंगोलीतल्या एका खासगी हळद गोदामात ती कामाला होती. हळद आणायचा दिवस शेतकऱ्यांनी घरबसल्या ठरवावा, म्हणून तिनं ॲप बनवलं होतं. शेतकऱ्याचं नाव खरं की खोटं हे तपासायची सेवा मात्र वसमतच्या दिपकची. तिचं ॲप नाव पाठवायचं, त्याची सेवा उत्तर द्यायची. बहुतेकांचं जमून जायचं. काहींना तेवढे दोन शब्द यायचे. काय चुकलं, कुठं चुकलं, काही नाही. तिनं सगळा प्रोग्रॅम तीनदा पिंजून काढला. दिपकला नऊ मेल केले. ‘आमच्याकडं सगळं बराबर आहे,’ एवढंच तो लिहायचा. नवव्या मेलच्या उत्तरात त्यानं तिच्या मालकालाही घेतलं आणि लिहिलं, ‘मॅडमना आधी काम शिकवा.’

त्याच दिवशी पुसेगावचे शेषराव कऱ्हाळे टेम्पोभर हळद घेऊन दारात उभे होते. नोंदणी नाही म्हणून टेम्पो माघारी गेला. जाता जाता ते म्हणाले, “पोरी, येत न्हाई तर काहून बसलीस इथं?”

मालक ऐकत होता. तेच तिला जास्त लागलं.

आता दिपकची पाळी होती. पहिल्या दिवशी वीस जण अडकले. म्हणजे वीस फोन. दुसऱ्या दिवशी सव्वीस. जेवायला बसला की वाजू दे, आंघोळीला निघाला की वाजू दे. कितीतरी दिवसांनी तिला चहा गोड लागला. नंबर काढा म्हणून त्याचा मेल येणारच होता. त्याचं उत्तरही तिनं लिहून ठेवलं : ‘आमच्याकडं सगळं बराबर आहे.’

मेल आला नाही. चौथ्या दिवशी वसमतच्या एसटीनं साठीच्या एक बाई आल्या आणि विचारत विचारत तिच्या टेबलापाशी पोचल्या.

“मी रुख्मिणीबाई. दिपकची आई. तो नंबर तूच टाकलास व्हय?”

प्रतिक्षा ताठ झाली. “व्हय. मीच.”

“बरं केलंस. माणसं अडून राहिली व्हती, इचारणार कुणाला?” बाईंनी पिशवीतून वही काढली. “दिपक पहिल्याच दिशी वैतागला. फोन घरात टाकून गेला. तवापासून मीच घेऊन राहिले. अंगणवाडीत तीस वर्षं काढली, लिहून ठेवल्याबिगर चैन पडत न्हाई. बघ, तुझ्या कामाचं हाय का.”

गोल, सुबक अक्षर. वेळ, नाव, गाव. शेषराव कऱ्हाळे. हरिचंद बऱ्हाटे. अनुसयाबाई गोऱ्हे. रामकिशन वऱ्हाडे. प्रतिक्षाचं बोट खाली सरकत गेलं आणि मधेच थांबलं. प्रत्येक आडनावात तेच एक जोडाक्षर होतं : ‘ऱ्ह’.

तिनं कॉम्प्युटरवर पाहिलं. वहीत ‘कऱ्हाळे’ होतं. दिपककडं गेलं होतं ‘कर्हाळे’. नावातली नको ती चिन्हं पुसून टाकायची एक ओळ तिनं पहिल्याच आठवड्यात, मोठ्या हौसेनं लिहिली होती. ती ओळ बाकी कुणाच्या नावाला धक्का लावत नव्हती. ‘ऱ्ह’मधलं डोळ्यांना न दिसणारं चिन्ह पुसून हे एक अक्षर तेवढं मोडत होती. ‘नाव जुळत नाही’ एवढं जरी दिपकच्या सेवेनं सांगितलं असतं, तरी पहिल्याच दिवशी उलगडलं असतं. पण ओळ तिची होती.

तिनं ती काढली. शेषरावांचं नाव पुन्हा पाठवलं. नोंदणी झाली.

तिनं वही मिटून बाईंसमोर ठेवली.

“मावशी, लोकांनी फोनवर शिव्याही दिल्या असतील.”

“दिल्या की,” रुख्मिणीबाई म्हणाल्या. “त्या न्हाई लिहिल्या.”