मार कुठे बसला

"पुन्हा मारा," ताई म्हणाल्या.

ठोक्याने ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या कोबीवर पुन्हा बॅट हाणली. कोबीचा पार चेंदामेंदा झाला. माईकखाली अंथरलेल्या प्लास्टिकवर पानांचा सडा पडला.

"हा पाठीवरचा मार नाही. पाठीवर बसला की आवाज आत घुमतो. तुम्ही गादी झोडताय."

ठोक्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण दिवसभर काही ना काही ठोकून गेमसाठी आवाज तयार करणाऱ्या माणसाला ऑफिसात दुसरं काय म्हणणार? गेम मारामारीचा होता. अंधाऱ्या घरात दोन टोळ्या एकमेकींना शोधून मारतात. काही खेळाडू पडद्यावर बघून खेळणार, काही नुसतं ऐकून, आणि जिंकायची संधी मात्र सगळ्यांना सारखी हवी. म्हणून ताईंना बोलावलं होतं. त्या जन्मांध. गेम खेळून त्यातल्या चुका काढायच्या हे त्यांचं काम, आणि चुका काढण्यात त्या कुठल्याही सासूला हार गेल्या नसत्या.

"मारणारा कोण आणि मार खाणारा कोण, हे ऐकूनच कळलं पाहिजे," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "नाहीतर आंधळा खेळाडू आपल्याच माणसाला हाणून मोकळा होईल." सगळे हसले होते.

हल्ली ठोक्याला हसू येईनासं झालं होतं. ताईंना नको तेवढं ठाऊक होतं. बरगडीवर ठोसा बसला की माणूस लगेच ओरडत नाही, आधी त्याचा श्वास जातो. पट्टा आधी हवेत वाजतो, मग अंगावर. डोकं भिंतीवर आपटलं की भिंतीपेक्षा दातांचा आवाज मोठा. हे सगळं त्या भाजीचे भाव सांगावेत तसं सांगायच्या.

"ताई, हे तुम्हाला कसं माहीत?" त्याने एकदा विचारलंच.

"घर लहान आहे आमचं," त्या म्हणाल्या. "सगळं ऐकू येतं."

त्यांच्या उजव्या हाताला पट्टी होती. बोटांचे सांधे सुजून टम्म झाले होते. हात दारात सापडला, म्हणे. गेल्या महिन्यातही दारच होतं.

संध्याकाळी जिन्यावर बूट वाजले की ताई बोलता बोलता गप्प व्हायच्या. त्यांचे मिस्टर न्यायला यायचे. बुटांच्या टाचांना लोखंडी पट्ट्या मारलेल्या, त्यामुळे स्वारी पार खालच्या मजल्यावरून ऐकू यायची. भर उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. आत यायचे नाहीत, कुणाशी बोलायचे नाहीत. "निघायचं?" एवढंच. ताईंनी त्यांचं कोपर धरलं की चेहरा कसनुसा करायचे. बायकोला चार पावलं न्यायची तर एवढा त्रास! ठोक्याच्या डोक्यात तिडीक जायची.

त्याच्या मोठ्या बहिणीने सासरी मार खाल्ला होता, आणि घरच्यांना ते कळलं ती हॉस्पिटलात गेल्यावर. तिथून ती परत आली नाही. असल्या गप्पगार, सज्जन दिसणाऱ्या नवऱ्यांबद्दल त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्या दिवशी गळा आवळण्याचा आवाज करायचा होता. ठोक्याने चामड्याची ओली पिशवी पिळली. ताईंनी मान हलवली.

"शेवटी शेवटी घशातून आवाज येतच नाही. पाय तेवढे वाजतात, जमिनीवर." मग त्यांनी पट्टीचा हात मांडीवर घेतला. "काल थोडक्यात निभावलं. पुढच्या वेळी आमच्याकडे कुणीतरी मरणार हो. भीती वाटते मला."

ठोक्याने पिशवी बाजूला टाकली. "ताई, आजच माझ्या आईकडे चला. वेगळी खोली आहे. कुणाला पत्ता लागायचा नाही."

"जाऊन पाहिलं मी. तो येतो शोधत, हातापाया पडतो आणि घरी नेतो. मग पुन्हा तेच."

जिन्यावर बूट वाजले. ताईंनी तोंड मिटलं.

ठोक्या तडक बाहेर गेला आणि मागे दार ओढून घेतलं. रेकॉर्डिंगच्या खोलीचं जाड दार ते, बाहेरचं आत काही ऐकू जात नसे. मिस्टर नुकतेच वर पोचले होते.

"त्या आज येणार नाहीत," ठोक्या म्हणाला. "तुमच्या घरात काय चालतं ते सगळं कळलंय मला."

मिस्टर पांढरेफटक पडले. "तिने सांगितलं?"

"त्यांनी कशाला सांगायला हवं? कान आहेत मला."

"हे बघा, आमचं घरातलं आहे," मिस्टर दबक्या आवाजात म्हणाले. "तुम्ही मधे पडू नका. उगाच वाढेल." आणि ते दाराकडे निघाले.

ठोक्याने त्यांची कॉलर धरली, त्यांना भिंतीवर आपटलं आणि बरगडीत ठोसा हाणला. मग आणखी एक. इतके महिने कोबी झोडून हात चांगला तयार झाला होता. बहिणीच्या आठवणीने पुढचा तोंडावर बसला, ओठ फाटला, रक्त हनुवटीवर आलं. मिस्टरांनी हात उगारला नाही. ते भिंतीला धरून खाली घसरले. ओढाताणीत शर्ट वर सरकला होता. कमरेपासून काखेपर्यंत सगळं अंग काळंनिळं होतं. काही वळ ताजे, काही जुने, पिवळे पडलेले.

ठोक्याची मूठ हवेतच राहिली.

"झालं असेल तर जरा पाणी द्या, तोंड धुतो," मिस्टर म्हणाले. "आणि मी तुमच्यापाशी काहीच बोललो नाही, एवढं मात्र तिला सांगा. नाहीतर आज ती मला जिवंत सोडायची नाही."