वाचकांचे अनुभव

"नऊ गुरुवार कडक केले आणि साखर उतरली, लिहिलंय बघा. मीही उपास धरलेत, गोळ्या बंद केल्यात," शेजारच्या इंदूताईंनी मासिक पुढे केलं.

त्या मासिकातले 'वाचकांचे अनुभव' पोटासाठी मीच लिहिते.

"ताई, ते मी लिहिलंय. मनानं."

"खाली मिरजेच्या बाईंचं नाव आहे की."

"तेही मीच ठेवलं."

"स्वतः एवढे उपास करता, आणि दुसरीच्या श्रद्धेला खोटं म्हणता?"

आज माझाही गुरुवारचा उपास होता. बावीस वर्षांत एकही मोडला नव्हता. घरून भाजीभाकरी आणली, दोन पानं वाढली आणि त्यांच्यासमोर पहिला घास घेतला.

"देवाचं मी बघते. तुम्ही जेवा, आणि गोळी घ्या."