मऊ टॉवेल

“घरातलं हवं ते बदल, पण यांना बदलायला जाऊ नकोस,” असं सासूबाई जाण्याआधी म्हणाल्या होत्या, आणि सुनेने तसा शब्द दिला होता.

नळाच्या जड पाण्याने दुसरंही वॉशिंग मशीन खाल्लं, तेव्हा मेकॅनिकने पाणी मऊ करणारा फिल्टर बसवला. घरातले कपडे कापसासारखे झाले. सासरे मात्र टॉवेल धरून दारात उभे.

“सूनबाई, याने अंग पुसायचं की गोंजारून घ्यायचं? तुझ्या सासूने धुतलेला टॉवेल कसा, पाठ खाजवून द्यायचा.”

“पत्र्यासारखा वाळायचा तो, बाबा.”

“असेल. पाठीला चाळीस वर्षांची सवय आहे.”

सुनेने हसून टॉवेल घेतला आणि बादली उचलून ती मागच्या, फिल्टर नसलेल्या नळाकडे निघाली.